तिचा उजेड, त्याचे फोटो

तिनं बटण दाबलंच नव्हतं. तरी कोपऱ्यातल्या स्टँडवरचा तिचा फ्लॅश लख्खकन उडाला... आणि त्याच क्षणी पलीकडच्या खांबाजवळचा दुसराही.

तिनं मान वळवली. स्टेजच्या त्या बाजूला नवऱ्या मुलाकडचा फोटोग्राफर कॅमेरा खाली घेत होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसा काही सूर्य यानंच उगवायला लावला.

रिसेप्शन दुपारचं होतं, पण हॉलचे जाड पडदे ओढून घेतल्यामुळे आत अंधारच होता. ती नवरीकडची फोटोग्राफर. तिच्या दोन्ही मोठ्या फ्लॅशना एकेक डोळा बसवलेला होता. स्लेव्ह म्हणतात त्याला. तिच्या कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की तो डोळा बघतो आणि मोठे फ्लॅश उडवतो. ना वायर, ना कटकट. खोड एकच, तो आपली मालकीण ओळखत नाही. हॉलमध्ये कुणाचाही फ्लॅश चमकला की हा आपला हजर.

पुन्हा तसंच झालं, तेव्हा ती तडक त्याच्याकडे गेली.

“तुम्ही माझा उजेड वापरताय.”

“मी? मी तर हातसुद्धा लावला नाही.”

“लावायची गरजच नाही. तुमचा फ्लॅश उडाला की माझे उडतात.”

“म्हणजे माझ्या एका इशाऱ्यावर...”

“पुढे बोलू नका. त्यांना अक्कल नाही म्हणून उडतात. मला आहे.”

तो हसला. हसणं बरं होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचाही तिला रागच आला.

“बरं, जपून दाबतो,” तो म्हणाला.

जपून कसलं! पाहुणे आले, दाब बटण. पोरं खुर्च्यांवर चढली, दाब बटण. स्टेजवरचा सोफा रिकामा होता, तरी दाब बटण. आणि दर वेळी तिचे फ्लॅश फुकट उडत होते. एकदा उडाले की पुन्हा भरायला त्यांना वेळ लागायचा. सेल उतरू लागले तशी भरताना वाजणारी फ्लॅशची बारीक शिट्टी लांबत चालली. जवळचे राखीव सेलही तिनं घालून टाकले.

मग नवरीच्या वडिलांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं बटण दाबलं. एक फ्लॅश उडाला, दुसरा रिकामा. फोटोत वडिलांचा अर्धा चेहरा काळा.

नवरीच्या मावशीनं मागून डोकावून पाहिलं. “अगं, तुझे लाइट गेले वाटतं. त्या दादांना विचार ना, त्यांना कळतं त्यातलं.”

“विचारते हं, मावशी,” ती दात आवळून म्हणाली.

स्टुडिओ तिच्या मामाचा. आजवर त्यानं तिला काउंटरवर पासपोर्टचे फोटो काढायला बसवलं होतं. आज पहिल्यांदाच एकटीला बाहेर पाठवलं, तेही बजावून. “दोन्ही घरांचा ग्रुप फोटो झकास आला, तर यापुढे बाहेरची कामं तुझी. नाहीतर काउंटर आहेच. तो काही पळून जात नाही.”

आणि ग्रुप फोटो जेवणानंतर लगेच होता.

पाण्याच्या कूलरपाशी तो दिसला. ती सरळ समोर जाऊन उभी राहिली.

“तुमच्या फोटोंत बाजूनं छान उजेड येतोय. हे तुम्हाला कधी दिसलं?”

तो घुटमळला. “पहिल्याच फोटोत.”

“मग मी सांगूनही का दाबत होतात?”

“कारण... बटण दाबलं की तुम्ही वळून बघायचात.” त्यानं ग्लास खाली ठेवला. “रागानं बघायचात. पण बघायचात.”

तिचे कान तापले. लाजेनं नव्हे.

“म्हणजे तो रिकामा सोफा...”

“हो.”

“तुमची गंमत होते आणि माझं काम पणाला लागतं, कळतंय का? ग्रुप फोटो बिघडला तर मामा मला काउंटरच्या बाहेर पाऊल टाकू देणार नाही. बघायचं होतं तर हाक मारायची. हाकेला सेल लागत नाहीत.”

त्याचं हसू मावळलं. “हे मला माहीत नव्हतं.”

“विचारलं होतंत?”

जेवणं आटोपली.

दोन्ही घरची माणसं स्टेजवर चढली. म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या. आजोबा तर आत्ताच पेंगत होते, त्यांना पुन्हा स्टेजवर आणणं शक्य नव्हतं. ती कॅमेरा धरून फ्लॅशची शिट्टी थांबायची वाट बघत होती. थांबेचना.

तेवढ्यात तो आला. त्यानं आपला फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, त्यातले सेल काढले, खिशातले राखीवही काढले आणि सगळे तिच्या ओंजळीत ठेवले. काही अजून कोमट होते.

“दोन्हींत घाला. भरलेले आहेत.”

“आणि तुम्ही?”

“मी नाही काढत.”

स्टेजवरून नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, “अहो, तुम्ही का थांबलात? आमच्याकडून कोण काढणार?”

“साहेब, उजेड यांचा आहे,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मघापासून मी तो फुकट वापरला. हा फोटो याच काढतील. तुम्हालाही यांच्याकडूनच मिळेल.”

“मग तुम्हाला कशाला बोलावलं आम्ही?”

लोक हसले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो तिथंच उभा राहिला, रिकामा फ्लॅश हातात धरून. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं काही दाबलं नव्हतं, तरी पाहिलं.

मग तिनं सेल बसवले. “सगळ्यांनी माझ्याकडे बघा,” असं म्हणाली आणि बटण दाबलं. दोन्ही फ्लॅश एकदम उडाले. अगदी मागच्या रांगेतल्या बुटक्या काकांसकट प्रत्येक चेहरा उजळला होता. आजोबांचे डोळेसुद्धा उघडे होते.

हॉल रिकामा झाला. ती स्टँड मिटवत होती. तो चार पावलं लांबच थांबला.

“अजून राग आहे?”

“पुष्कळ आहे.”

“जाईल?”

“ते तुमच्यावर आहे.”

“माझे सेल...”

“उद्या दुकानावर या. काउंटरवर मामा असेल.”

“आणि तुम्ही?”

“मी बाहेरच्या कामावर असेन.”

“मग मी येऊन करू काय?”

“वाट बघा,” ती बॅगेची चेन ओढत म्हणाली. “तेवढी शिक्षा व्हायलाच हवी.” दारापाशी पोचल्यावर मात्र ती थांबली... “पण मी लवकर येईन.”