पाणी न पिणारी गाडी

"पाच लिटरचा क्यान एकटा माणूस पितो व्हय? नळ आठवड्यानं येतोय, मी राखेनं भांडी घासतेय, आन् ह्यो क्यान गाडीतनं रिकामा माघारी." कामवाली साळूबाई मोरीत पुटपुटत होती.

पद्मजा धानोरकर शेजारीच वाकून चपला काढत होती, म्हणून तिला सगळं ऐकू आलं. आतून घराच्या मालकीणबाईंचा, आवडाबाईंचा आवाज आला, "साळू, गप."

पुटपुट थांबली.

पद्मजा खासगी तपासाची कामं घ्यायची. सोबतचा मोतीराम निवृत्त हवालदार. पाय दुखतात म्हणून तो सावकाश चालायचा. डोकं तसंच का चालतं, याचं कारण मात्र त्यानं कधी दिलं नव्हतं.

दोन हजार सोळाचा मे महिना. गारखेड्यातल्या त्या घराच्या ओट्यावर आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं.

"माझी गाडी कुणीतरी मारली, बाई. कोण ते शोधा." त्यांनी अंगणातल्या पिस्ता रंगाच्या जुन्या बीटल गाडीकडे हात केला. "हवेवर थंड होते ही. रेडिएटरच नाय. चाळीस वर्षांत थेंबभर पाणी पिली नाय. दुष्काळाची गाडी हाय. तुमचं नाव काय म्हणालात, हवालदार?"

"मोतीराम."

"बसा, मोतीराम."

"बंद कुठं पडली?" पद्मजानं विचारलं.

"बिडकीनच्या रस्त्याला. विहिरीवरची मोटर चालू करायला निघालो होतो. पुढं टँकरच टँकर. दुसऱ्या गिअरच्या वर जाता येईना. त्यो उष्णतेचा नवा काटा तांबड्यात गेला. मी गाडी बाजूला घेतली. मग..." ते थांबले. "मग टेम्पोवाल्यानं घरी आणून सोडलं."

"काट्यात तांबडं दिसल्यावर काय केलंत?"

"थांबलो की."

मुलगा शिवराज बाहेर आला. "काय शोधायचं त्यात? हे काटे बसवले त्या विश्वजितनं. वाळूजच्या कंपनीत आहे, रविवारी असली कामं करतो. त्यानंच इंजिनाची वाट लावली. त्याच्या साहेबांना मी फोन केलाय. सोमवारी त्याला बोलावलंय."

"चाळीस वर्षं काटे नव्हते. आताच का बसवले?"

"असेच. सुरक्षितता म्हणून." शिवराजनं मोबाइल काढला. "बिडकीनची जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यापासून आप्पांना दुसरा विरंगुळा नाही. म्हटलं, गाडी तरी नीट राहू दे."

विश्वजित गाडीमागं, इंजिनापाशी उकिडवा बसला होता. डोळे जागरणानं लाल.

"सोमवारी काय होणार?" पद्मजानं विचारलं.

"मी अजून कायम नाही, ताई. साहेब म्हणाले, निष्काळजी माणूस लाइनवर नको."

"नक्की काय बसवलंस?"

"उष्णतेचा सेन्सर वॉशरसारखा असतो, तो स्पार्क प्लगखाली बसवला. तेलाच्या दाबाचा जुन्या स्विचच्या जागी. बाकी इंजिन उघडलंच नाही. काटे अजूनही बरोबर दाखवतात." त्यानं स्टीलचं भांडं पुढं केलं. "आणि इंजिनातून हे तेल निघालं."

मोतीराम वाकला. "ह्याला तर दूध घातल्यावाणी रंग आलाय. चहाच की."

"इंजिनात माणूस वरून काय ओतू शकतो?" पद्मजानं विचारलं.

"फक्त तेल. मागं एकच टोपण आहे. पण मागच्या झाकणाला आप्पांनी चोरीच्या भीतीनं कुलूप लावून घेतलंय. एकच किल्ली, तीही त्यांच्या कमरेला. माझं काम चाललं तेव्हा स्वतः उघडून दिलं आणि सगळा वेळ समोर बसले होते. नंतर त्यांनीच तेल बघितलं. स्वच्छ होतं."

ते ओट्यावर परतले तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "हिला रेडिएटर नाय, बरं का. चाळीस वर्षांत थेंबभर पाणी पिली नाय. दुष्काळाची गाडी. तुमचं नाव काय, हवालदार?"

"मोतीराम," हवालदार हसून म्हणाला. आप्पांनी विचारलेलं त्याला आवडत होतं.

पद्मजा हसली नाही. तिनं विश्वजितला वर बोलावलं, आवडाबाईंना बाहेर यायला सांगितलं. मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"विश्वजितची नोकरी जाणार आहे म्हणून बोलते. नाहीतर गप्प राहिले असते." तिनं भांडं मध्ये ठेवलं. "तेलात पाणी फेसाळलं की असा रंग येतो. पाणी आत गेलं आणि त्यावर इंजिन चाललं, म्हणून ते जाम झालं. सेन्सरच्या जागेतून पाणी आत जात नाही. टोपणातूनच जातं, आणि टोपण कुलपाआड, किल्ली आप्पासाहेबांच्या कमरेला. पाणी घरातून गेलं. भरलेला क्यान गाडीतून रिकामा आला. आम्ही आलो तेव्हा साळूबाई हेच पुटपुटत होती. मोतीराम, ट्रॅक्टरचा काटा तांबड्यात गेला तर काय करता?"

"गाडी थांबवतो, पाणी घा..." मोतीराम मध्येच थांबला.

"या गाडीला कधी काटा नव्हता. आप्पासाहेबांना ती आवाजावरून कळायची. काटा बसला आणि हाताला शेतातल्या ट्रॅक्टरची जुनी सवय आठवली."

"मी?" आप्पासाहेब म्हणाले. "ह्या गाडीत पाणी घालीन व्हय मी?"

 पद्मजा शिवराजकडे वळली. "काटे का बसवले?"

शिवराजनं मोबाइल खिशात ठेवला. "इंजिनाचा जळका वास यायचा. दोनदा आला. आप्पांना... समजलंच नाही." तो म्हणाला, "विश्वजित, तुझ्या साहेबांना आजच सांगतो. चूक तुझी नव्हती."

विश्वजितनं तेलाचं भांडं उचललं.

"मग कुणाची?" आप्पासाहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. "आरं, बोला की कुणीतरी. मला मोटर चालू करायला जायचंय, ऊस वाळतोय तिकडं."

 साळूबाई दारात येऊन उभी राहिली होती.

चारचौघांत नवऱ्याशेजारी कधी न बसलेल्या आवडाबाई आल्या आणि खुर्चीजवळ ओट्यावर टेकल्या. त्यांनी आप्पासाहेबांच्या कमरेची किल्ली सोडवून हातात घेतली.

"शेत गेलं, अहो. विहीर बी बुजवली," त्या म्हणाल्या. "तुमच्या ध्यानात राहत नाय आता."