दुसरा साक्षीदार

मी ॲमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागात ऑडिटर आहे; कागद पाहिल्याशिवाय माझा कशावरच विश्वास बसत नाही. म्हणूनच बाबा गेले असं म्हणायला मी अकरा वर्षं नकार दिला. ते लाभांशाचा चेक भरायला साताऱ्यातल्या बँकेत म्हणून निघाले आणि परतलेच नाहीत. तो चेक वटला नाही, पुढचेही नाहीत. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअर्स सरकारी निधीत जमा होतात, तसे बाबांचेही झाले. वारस म्हणून सोडवायचे तर आधी बाबांना मृत ठरवावं लागलं असतं. ते मी करणार नव्हते.

मंगळवारी झूटरमेरच्या घरून काम करताना सवयीने निधीच्या ऑनलाइन यादीत त्यांचं नाव शोधलं. नावापुढे लिहिलं होतं, 'दावा दाखल. दावेदार: स्वतः.'

मी किंचाळलेच! निहार जिन्यावरून धावत खाली आला.

"बाबा जिवंत आहेत!"

"फ्रॉड असेल गं." आनंदावर विरजण घालायला नवरा तत्पर. आमचं लग्न नंतरचं, त्याने बाबांना पाहिलेलंच नव्हतं.

मी ते शेअर्स ज्या कंपनीचे, तिच्या मुंबई ऑफिसला फोन लावला, नाव सांगितलं. शर्मिला नावाच्या बाई होत्या.

"सानिका ना? ओळखलं! मीच व्हिडिओ कॉलवर वडिलांची ओळख पटवली. तब्येत छान आहे हो त्यांची. तुम्ही मागे भाजी चिरत होतात, हिरव्या स्वेटरमध्ये."

"मी?"

"पहिली साक्षीदार तुम्हीच की! फक्त दुसरी सही राहिलीय. आज आली नाही तर दावा रद्द होईल. साक्षीदारांच्या सह्यांचा हमीपत्राचा बॉण्ड पुन्हा मेल करते."

मी तो छापून घेतला. बाबांची सही. पत्ता आमचा. खाली माझी सही, तारीख गेल्या मंगळवारची.

त्या दिवशी मी घरी एकटीच होते. हिरवा स्वेटर घालून लीक, म्हणजे इथली जाड कांद्याची पात, चिरत होते.

घाबरायला हवं होतं. मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

"तू केलीस ही सही?" निहारने विचारलं.

"नाही. तू कर ना, दुसरी!"

"ज्यांना कधी पाहिलं नाही, त्यांची साक्ष कशी देऊ?"

मग त्याची नजर माझ्यामागे, जेवणाच्या टेबलाकडे गेली. तिथेच थांबली.

"हो, बाबा," तो हळूच म्हणाला आणि त्याने निमूट सही केली.

मी गर्रकन वळले.

मला रिकामी खुर्चीच दिसली.