अजबखान्यातली अन्नपूर्णा

या रे बाळांनो, कीर्तनाला बसतो तसे जवळ सरकून बसा! निजामाच्या राज्यातली, जालन्याच्या अजबखान्यातली, म्हणजे जुन्या वस्तूंच्या संग्रहालयातली गोष्ट सांगते.

चैत्रातली सुट्टी होती. रजनी, तिचा धाकटा भाऊ मुकुंद आणि हैदराबादहून आलेली आतेबहीण अरुंधती अजबखान्यात शिरली, तर ढाली-तलवारींशेजारच्या काचेच्या कपाटातली पितळी अन्नपूर्णा गायब!

"किल्ली तुझ्याकडेच!" व्यवस्थापक मार्तंडराव पहारेकरी कचरूमामांवर गरजले. "संध्याकाळपर्यंत मूर्ती आली नाही, तर पोलिसांत देईन!"

"म्या हात बी लावला न्हाई, साहेब!"

"दुसरी किल्ली कुठंय?" मुकुंदाने विचारलं.

"माझ्या घरी, खुंटीवर. तिथून कोण नेणार?" मार्तंडराव म्हणाले.

रजनीने खांद्यावरची पिशवी छातीशी धरली. काल अरुंधतीने याच देवीचं हुबेहूब चित्र काढलं, तेव्हा सगळे नुसते "वा! वा!" करत होते. रजनीच्या चित्राकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जळफळत तिने अरुंधतीचं ते पान फाडून घेतलं होतं. अजून ते तिच्याच पिशवीत होतं.

दुपारी मार्तंडरावांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पन्हं, आंब्याची डाळ, आणि पाळण्यात अन्नपूर्णा!

"तीच ही!" रजनी कुजबुजली.

"अशी घरोघरी असते गं," अरुंधती म्हणाली. "माझं चित्र असतं तर ताडून पाहिलं असतं. मेलं गेलं कुठे!"

चित्र दाखवलं तर पुन्हा हिचीच वाहवा, वर आपली चोरी उघडी! रजनीने पन्ह्याचा पेला खाली ठेवला. पण कचरूमामा?

तिने पान पुढे केलं. "मीच फाडलं. तुझ्यावर जळत होते."

"दुष्ट कुठली!" अरुंधतीने पान हिसकलं. "भांडू नंतर. हे बघ, पळीचं टोक मोडलेलं!"

पाळण्यातल्या देवीचीही पळी तश्शीच!

मुकुंदाने धावत जाऊन मार्तंडरावांना नि कचरूमामांना आणलं. मार्तंडरावांच्या आई, सगुणाबाई, ठसक्यात म्हणाल्या, "मीच आणली! चैत्रात गौर माहेरी येते. तू तिला तलवारींपाशी उपाशी बसवलीस. कचरू तेवढा रोज फूल वाहतो. अक्षय्य तृतीयेला पोचवीन की!"

मार्तंडरावांनी कचरूमामांपुढे हात जोडले. "शाबास, पोरांनो! अरुंधती, काय हात आहे तुझा!"

रजनीला पुन्हा जरासं झोंबलंच. तेवढ्यात कचरूमामा तिच्यापाशी आले. "लेकी, चित्र काढणं अवघड आसंल. पर तू जे बाहेर काढलंस, ते त्याहून अवघड व्हतं."

बाळांनो, कुठे काचेआड देव दिसला, तर दाराशी उभ्या पहारेकऱ्यालाही रामराम करा. आणि आमच्या कचरूमामांची आठवण ठेवा.