ह्यांना पाठवा

आमच्या घरात मला ‘चौकशी खिडकी’ म्हणतात. नवरा म्हणतो, हिला कुणी ‘बरा आहे’ म्हणालं तर ही विचारणार, किती बरा? कालच्यापेक्षा बरा की परवाच्यापेक्षा? म्हणू दे. त्या स्वभावावरच माझी नोकरी चालते. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, देखभाल विभागात मी बसते. नळ गळतोय, दिवा लागत नाही, दार घासतंय, अशा तक्रारी नोंदवायच्या आणि ज्याचं काम त्याला पाठवायचं.

पूर्वी त्यासाठी एक जाडजूड रजिस्टर होतं. लोक येता-जाता त्यात खरडायचे. ‘नळ.’ बस, एवढंच. कुठला, काय झालंय त्याला, कशाचा पत्ता नाही. ते बंद करून कॉम्प्युटरवर फॉर्म बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला खरं सांगते, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कारण फॉर्ममध्ये एक सोय होती. दिलेल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न उघडायचा. ‘नळ’ निवडलंत तर खाली येणार: गळतोय की पाणीच येत नाही? ‘गळतोय’ म्हणालात तर: थेंब थेंब की धार? ज्याची तक्रार दाराची, त्याला यातलं काही दिसणारच नाही. या प्रश्नांना मी पोटप्रश्न म्हणायला लागले. जुन्या इमारतीच्या गेटवर बसणारे वॉचमन मामा म्हणाले, “पोटप्रश्न म्हणजे डब्यात काय आणलंय तो का?”

मामांसाठीही मी एक छोटा फॉर्म केला. जुनी इमारत आता बंद असते, मोडके पलंग आणि गाद्या ठेवायला वापरतात. आत कुणी कोंडलं जाऊ नये म्हणून मामा लिहितात: आत किती गेले, बाहेर किती आले. दोन आकडे जुळले नाहीत, तरच पोटप्रश्न उघडणार: फरक का? सुरू केल्यापासून तो एकदाही उघडला नव्हता. मला जरा वाईटच वाटायचं.

आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न मात्र माझा नव्हता. तो वायरमन काकांचा.

काका म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात जुने. हातात पकड, कानामागे टेस्टर, तोंडात शब्द मोजके. फॉर्म तयार होत होता तेव्हा ते माझ्या टेबलापाशी येऊन नुसते उभे राहिले.

“एक प्रश्न घाल, पोरी. खोलीत कोणी आहे का... एवढंच.”

मला कारण माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. तीन वर्षांपूर्वी काकू इथेच ॲडमिट होत्या, जनरल वॉर्डात. एक दिवस दुपारी त्यांना जुन्या इमारतीत, खोली नऊमध्ये हलवलं आणि काकांना ते सांगायचं राहूनच गेलं. चार वाजून दहा मिनिटांनी रजिस्टरात ओळ पडली: ‘खोली ९. घंटा बंद.’ काकांनी वाचली. त्यांना वाटलं, रिकामी खोली असेल. आधी स्वयंपाकघरातला पंखा केला, मग निवांत नऊकडे गेले. पाऊण तास झाला होता. काकूंचा अंगठा घंटेच्या बटणावर तसाच होता.

“एवढं बोलणारी बाई,” काका एकदा मला म्हणाले होते, “झोपेतसुद्धा गप्प बसायची नाही. आणि शेवटी काय म्हणायचं होतं तिला, तेच मला कळलं नाही. रागावून गेली असेल का गं?”

मी प्रश्न घातला. ‘खोलीत कोणी आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पोटप्रश्न: ‘त्यांना काय हवंय?’ डोळे भरून आले होते, त्या भरात अट उलटी लावली. ‘हो’च्या जागी ‘नाही’ निवडलं. म्हणजे खोलीत कोणी नाही म्हणणाऱ्यालाच फॉर्म विचारायला लागला, त्यांना काय हवंय?

आठवड्यात बोंबाबोंब झाली. धुलाईवाल्या मावशींनी तर उत्तर लिहिलं, ‘जे नाहीत त्यांना सुट्टी हवी आहे.’ माझी चूक कळली, हसू आलं, दुरुस्त करायला बसले. करता करता सगळ्या नोंदी वर-खाली पाहिल्या. त्यातली एक अशी होती:

जागा: खोली नऊ. तक्रार: घंटा बंद. खोलीत कोणी आहे का: नाही. त्यांना काय हवंय: ह्यांना पाठवा.

वेळ, दुपारी चार दहा. नोंदवणाऱ्याचं नाव कोरं. आता नाव कोरं ठेवलं तर फॉर्म पुढेच जात नाही, ते मीच तसं बसवलंय. आणि ही एकच नोंद नव्हती. रोज एक, त्याच वेळेला, अक्षर न् अक्षर तेच.

मला वाटलं, कुणीतरी मस्करी करतंय. काकांचं दुःख माहीत असून असली मस्करी? माझं डोकंच फिरलं. तशीच उठले, मामांना घेतलं आणि लख्ख उन्हात जुन्या इमारतीत गेले. फिनेलचा शिळा वास आणि कुबट गाद्या. आमच्याच पावलांचा आवाज एक क्षण उशिरा मागून येत होता. नऊचं कुलूप मामांनी खटपट करून उघडलं. आत ना कॉम्प्युटर, ना फोन. एक लोखंडी पलंग, आणि सगळ्यावर बोटभर धूळ. पलंगाच्या दांड्याला घंटेचं बटण वायरीवर लोंबकळत होतं.

त्या बटणावर मात्र धूळ नव्हती. घासून घासून गुळगुळीत झालेलं, चकचकीत.

“इकडे कोण येतं हो, मामा?”

“कोण येणार? तुमचाच फॉर्म बघा की. आत शून्य, बाहेर शून्य.”

शहाण्या बाईने हे सगळं तिथेच सोडून दिलं असतं. मी शहाणी नाही, मी चौकशी खिडकी. बाकी सगळ्या खोल्यांची अट सरळ केली, पण नऊची तशीच ठेवली आणि तिच्यापुढे फक्त नऊसाठी आणखी एक पोटप्रश्न जोडला. ‘ह्यांना म्हणजे कोणाला?’ दुसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून हातातलं काम बाजूला ठेवून बसले. चार दहाला नोंद आली.

‘त्यांना माहीत आहे.’

अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त वाटलं ते कुतूहल. असं कधी झालंय का तुमचं, भीती वाटतेय आणि हात मात्र पुढेच जातोय? मी पुढचा प्रश्न जोडला. ‘घंटा कधीपासून बंद आहे?’ त्यालाही एक अख्खा दिवस थांबावं लागलं. जेवताना नवऱ्याने विचारलं, काय गं, आज प्रश्न नाहीत का? माझं लक्षच नव्हतं.

चार दहा. ‘माहीत नाही. मी दाबतेच आहे.’

दाबतेच. मी तो शब्द वाचत बसले होते आणि मागे काका कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. स्क्रीन झाकायला हात पुढे केला, पण त्यांनी सगळं वाचलं होतं. आधीच्या नोंदीही. एकदा, मग पुन्हा एकदा. बाजूची खुर्ची ओढून ते हळूच बसले.

“माझं नाव कधी घेतलं नाही तिने,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं... हे आले, हे गेले, ह्यांना सांगा. मी चिडवायचो, अगं, हे म्हणजे कोण? तर म्हणायची, तुम्हाला माहीत आहे.”

काकांनी कपाळ पुसलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“मला एक विचारायचंय तिला. घालशील?”

“काय?”

“रागावलीस का...”

आता बघा, असल्या फॉर्ममध्ये आपण समोरासमोर बोलत नसतो. हो आलं तर काय विचारायचं, नाही आलं तर काय, दोन्ही आधीच लिहून ठेवावं लागतं. ‘नाही’साठी काकांनी लगेच सांगितलं, विचार, मग काय हवंय. ‘हो’साठी मात्र काही सुचेना त्यांना. शेवटी म्हणाले, “राहू दे कोरं. हो म्हणाली तर मला विचारायला तोंडच कुठे आहे?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चार वाजता बसलो. माझ्या टेबलावरचा चहा तसाच गार झाला. काकांनी पकड हातात घट्ट धरून ठेवली होती. चार दहाला ओळ उमटली.

रागावलीस का: नाही.

काकांनी पकड टेबलावर ठेवली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. खालचा चौकोन वाचला.

मग काय हवंय: ‘उशीर झाला तरी या.’

ते उठले. पिशवी खांद्याला लावली, शिडी घेतली. मी म्हटलं, काका, थांबा, मीही येते. तर म्हणाले, “नको गं. ती ह्यांना म्हणालीय.” आणि चक्क हसले. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आमच्या खोलीत भिंतीवर जुन्या घंटांचा एक लाकडी फलक आहे. ज्या खोलीची घंटा वाजेल, तिचा आकडा तिथे उजळतो. जुन्या इमारतीचे आकडे कधीचे काळे पडलेत. मी त्या फलकाखाली बसून राहिले. पावणेपाचला वर टिंग झालं. नऊ. एकदाच, हलकेच, कुणी सहज दाबून बघावं तसं. मी रडले. हो, रडले, लाजायचं काय त्यात?

काका परत आले ते तोंड धुऊन. “वाजली,” एवढंच म्हणाले. “वायर सुटली होती. दोन मिनिटांचं काम.” गार चहा तसाच उभ्याने पिऊन ते घरी गेले.

संध्याकाळी निघण्याआधी मी रोजच्यासारख्या नोंदी चाळल्या. मामांच्या फॉर्मवर पहिल्यांदाच पोटप्रश्न उघडला होता.

आत गेले: एक. बाहेर आले: दोन. फरक का: सोबत त्यांच्या मिसेस होत्या.

मी धावत गेटवर गेले. मामा नवीन माणूस, त्यांनी काकूंना कधी पाहिलेलं नाही. “अहो, मी म्हटलं, वहिनी, कधी आत गेलात?” ते सांगू लागले. “एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या मागे मागे, खाली मान घालून गेल्या.”

घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. भीती होती, पण समाधान त्याहून मोठं. घेऊन गेले एकदाचे काका तिला, वाटलं. त्या रात्री मी गाढ झोपले. सकाळी खोली नऊचे जादा प्रश्न काढून टाकले आणि उलटी अटही सरळ केली. ‘हो’ म्हणाल तरच विचारेल, काय हवंय. जसं पहिल्यापासून असायला हवं होतं.

पंधरा दिवस नऊची एकही नोंद नाही. काका तर ओळखू येईनात. दाढी गुळगुळीत, शर्टला इस्त्री, काम करताना गुणगुणणं. मी विचारलं, काय काका, स्वारी खुशीत? तर इकडे तिकडे बघून म्हणाले, “संध्याकाळी घरी गेलो की दिवा लागलेला असतो.”

“आणि काकू?”

“असते की. बसलेली असते, भिंतीकडे तोंड करून.” पकड पिशवीत टाकत म्हणाले, “आता शांत झालीय बघ. बोलत नाही काही. मी बोलतो, ती ऐकते.”

माझ्या मनात कुठेतरी खट्ट झालं, पण ते एवढे आनंदात होते की मी, चक्क मी, पुढचा प्रश्न विचारला नाही.

काल ते लवकर निघाले. थोडे वाळल्यासारखे वाटले मला, डोळ्यांखाली काळं दिसलं. दारात उभे राहून पिशवी सावरत म्हणाले, “निघू का गं? वाट बघत असेल.” मी मान वर करून निघा म्हणणार, तेवढ्यात स्क्रीनवर नवी नोंद आली. चार दहा. नाव कोरं.

जागा: खोली नऊ. तक्रार: घंटा वाजवली, कोणी येत नाही. खोलीत कोणी आहे का: हो.

माझ्या तोंडून काही निघायच्या आत काका जिना चढून गेलेही. मी खालचा चौकोन वाचला.

त्यांना काय हवंय: ‘त्या दिवशी ह्यांच्याबरोबर ती कोण गेली?’