पहारेकऱ्याचे ओठ

आवाजाचं काम करणाऱ्या माणसाची बहीण बहिरी असावी, यावर आमच्या घरात पुष्कळ विनोद झाले. त्यातले निम्मे ताईनंच केलेले. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले आणि ती ओठ वाचायला शिकली. इतकी तरबेज झाली, की समोरच्या फुटपाथवरचं भांडण ती आम्हाला अलीकडून ऐकवायची, दोन्ही पक्षांच्या शिव्यांसकट.

म्हणूनच तो जुना चित्रपट आमच्या स्टुडिओत दुरुस्तीला आला तेव्हा मी तिला बोलावलं. कृष्णधवल, लष्करी रहस्यपट. डोंगरावरच्या चौकीत मेजरचा खून होतो आणि चौकशी बसते. चित्र चांगलं होतं, पण चौकशीच्या भागाचा आवाज पार गेलेला. संवादांची प्रतही कुठे सापडत नव्हती. नव्यानं आवाज भरायचा, तर नट काय बोलतायत हे आधी कळायला हवं.

“खुनी डॉक्टर आहे,” खुर्चीत टेकता टेकता ताई म्हणाली. तिला ऐकू येत होतं त्या काळात बाबांनी आम्हा दोघांना हा चित्रपट दाखवला होता. “शेवट फोडला म्हणून रुसू नकोस, छोट्या.”

माझे केस पांढरे झाले तरी तिच्या लेखी मी छोट्याच.

आमची खोली लहान. भिंतींना करडं जाड कापड, एका बाजूला काच, काचेपलीकडे व्हरांडा. ताई पडद्याजवळ बसायची, वाक्य सांगायची, मी टिपून घ्यायचो. काम झरझर चाललं होतं. मध्येच तिनं हात वर केला.

“दाराशी उभा आहे ना, तोही बोलतोय.”

मी पाहिलं. लांब टेबलामागे तीन अधिकारी, समोर साक्षीला आलेला सुभेदार. आणि पार मागे, दाराला लागून, बंदूक धरलेला एक पहारेकरी. अर्धा चेहरा सावलीत. मिशीखाली ओठ किंचित हलत होते.

“काय म्हणतोय?”

“सुभेदार जे म्हणणार आहे, तेच. त्याच्या आधी.”

मी रीळ मागे घेतलं. खरंच, त्याचे ओठ मिटायचे आणि मग सुभेदार तोंड उघडायचा. मला हसू आलं. गर्दीत उभं राहायला आणलेली माणसं तालमी ऐकून ऐकून कंटाळतात, संवाद पाठ होतात त्यांचे.

“लहानपणी पाहिलं तेव्हाही हा होता का गं?”

“पहारेकऱ्याकडे कोण बघतं?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याचं आणखी एक वाक्य सांगितलं. “वरच्या मजल्याची किल्ली कुणाकडे आहे?” चौकीला वरचा मजलाच नव्हता. मी लेखणी खाली ठेवतोय तोच दार ढकलून स्टुडिओचे मालक आत डोकावले.

“वरच्या मजल्याची किल्ली कुणाकडे आहे?”

मी जरा चरकलो, पण लगेच हिशेब जुळवला. मालक येताना व्हरांड्यात कुणाला तरी हेच विचारत असणार. ताईनं काचेतून ओठ वाचले आणि पडद्यावरचं नि काचेतलं तिच्या डोक्यात एक झालं. मी तसं तिला सांगितलंही. तिनं मान हलवली. तिचं लक्ष मांडीवरच्या फोनकडे होतं.

तिचा एकुलता एक मुलगा, आमचा लांबू, सैन्यात होता. तेव्हा तो बर्फातल्या एका उंच ठाण्यावर होता. फोनवर चेहरा दिसल्याशिवाय ताईला बोलता यायचं नाही आणि तिथून चित्र काही पोचायचं नाही. महिनोन् महिने तिनं त्याचे ओठ पाहिले नव्हते. चार ओळींचा निरोप यायचा, तोही या आठवड्यात आला नव्हता.

“रेंज नसेल,” मी म्हणालो.

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. तसं ती काहीच म्हणाली नव्हती.

डॉक्टरच्या साक्षीचा भाग लागला. ताई नेहमीच्या सपाट आवाजात सांगू लागली. “पहारेकरी म्हणतोय, झोपेतच गेला. त्याला काहीच कळलं नसेल, एवढंच समाधान माना.”

“मेजर तर गोळीनं मेला,” मी म्हणालो. “सोड ते. त्याचं नकोच आपल्याला.”

ती मात्र सोडायला तयार नव्हती. तिनं रीळ थांबवायला लावलं. पदराशी चाळा करत ती त्या स्थिर चेहऱ्याकडे नुसती बघत राहिली.

“आज घरी जाऊ या,” ती म्हणाली.

सकाळी तिच्या घरी दोन अधिकारी आले. मी तिथेच होतो. त्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या. बर्फाचा कडा कोसळला होता, तंबू गाडला गेला होता.

थोरला अधिकारी सावकाश, ओठ नीट हलवत बोलत होता. तिला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक असावं.

ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर फरशीवर होती.

“झोपेतच गेला,” तो म्हणाला.

पुढचं वाक्य त्यानं आणि ताईनं मिळून म्हटलं. शब्दाला शब्द.

अधिकारी गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी दुसरीकडे पाहिलं.

सगळं उरकल्यावर ती स्वतःहून स्टुडिओत आली. मी ते काम परत पाठवायला काढलं होतं.

“उरलेलं लाव.”

“ताई, नको.”

“लाव म्हणते ना.”

मी लावलं. पडद्यावर डॉक्टर उठला, अधिकारी उठले, खोली रिकामी झाली. पहारेकरी तेवढा राहिला. आता उजेड त्याच्या तोंडावर होता. ओठ हलत होते, बराच वेळ.

पडदा पांढरा झाला.

“काय म्हणाला?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “नुसता उभा होता.”

मी पुन्हा विचारलं नाही.

हल्ली ती रोज दुपारी आमच्याकडे येते. माझी धाकटी चौथीत आहे, तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो तिचा. ताई तिला खिडकीपाशी उजेडात बसवते, हनुवटीला धरून चेहरा आपल्याकडे वळवते आणि शाळेतलं सगळं सांगायला लावते, तिच्या ओठांवर एखादं ओळखीचं वाक्य येतंय का हे बघत असल्यासारखी.

“आत्या, संपलं ना आता,” पोरगी कंटाळून म्हणते.

“असू दे,” ताई म्हणते. “पुन्हा सांग.”