बाहेर बसलेलं मत

"अहो, त्या पट्ट्यातून नको! मागे... नाही, मागेही नको. आहात तिथेच थांबा!"

तो एका पायावर थांबला. भुरभुर पाऊस, हातात मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या. शेजारच्या शेताची वाट चुकून माझ्या टोमॅटोत शिरला होता.

"इथे काय केलंय?"

"काहीच नाही. म्हणून तर जपतेय."

"न केलेलंही जपता?"

"शेजारच्या पट्ट्यावर वाळलं गवत अंथरलंय, हा उघडा ठेवलाय. पाणी कुठे कमी लागतं, ते ताडून बघायचंय."

"मग मी असाच उभा राहू?"

"राहा की. शेतात बगळा नव्हताच."

तो हसला. पाय मात्र खाली टेकवला नाही.

मग येतच राहिला. आत्याने नाव ठेवलं, मातीवाले. "माती न्यायला येतात की खायला?" असं ती मुद्दाम मोठ्याने विचारायची. बाबा हसायचे नाहीत. "अनुदान मिळालं तर कर तुझे प्रयोग. नाही मिळालं, तर सगळ्यावर नांगर फिरवतो."

आणि अनुदान देणाऱ्या समितीत मातीवाले होते.

म्हणजे बघा – तो हसला की वाटायचं, प्रयोग आवडला. मग वाटायचं... मी? मग वाटायचं, दोन्ही नाही, माणूसच सभ्य आहे. शेवटी न राहवून विचारलं, "तुमचं मत मलाच ना?"

तो हातातलं ढेकूळ कुस्करत राहिला. "त्याबद्दल मला... बोलता येणार नाही."

(इथे गोष्टीतलाही एक पट्टा उघडाच सोडते. त्यानंतर मातीवाले शेतात आलेच नाहीत.)

समितीची खोली. लांब टेबल, पंख्याची घरघर. माझं नाव पुकारलं आणि तो उठला. माझ्याकडे न बघता बाहेर गेला. दार लागलं.

मला बाबांचा नांगर दिसायला लागला.

"घाबरू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अर्जदाराशी ज्याचं नातं असतं, त्याने बाहेर बसायचं असतं."

"नातं? आमचं काही नातं नाही!"

"ते तर सकाळीच म्हणाले, आहे." बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "अगं बाई... तुम्हाला विचारलेलं दिसत नाही."

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. मी गवत, पाणी, मुळं, सगळं भरभर सांगितलं. आवाज कुणाचा होता कोण जाणे.

बाहेर आले तर तो खिडकीशी. चेहरा पांढरा.

"काय झालं?"

"एका हंगामापुरतं दिलं. मी तीन मागितले होते."

"माझं मत असतं तर..."

"तर तीन मिळाले असते. दोन हंगाम तुम्ही घालवलेत."

"माहीत होतं. पण आत बसून मत दिलं असतं, तर ते तुमच्या प्रयोगाला दिलंय की तुम्हाला, हे माझं मलाच कळलं नसतं."

मी पदराचं टोक पिळत राहिले.

"पण मी आत सांगितलंय," मी म्हटलं, "आमचं काही नातं नाही."

"असं सांगितलंत? मग... मी समितीशी खोटं बोललो असं झालं."

"नोकरी जाईल?"

"जाऊ शकते."

"थांबा इथेच."

"कुठे निघालात?"

मी दारावर टकटक केली. "बाई, मघाशी मी चुकीचं बोलले. तेवढं दुरुस्त करून घ्या."