थोडं थांबा…

"अहो दादा, माझ्या टेबलाचा दिवा लागत नाही. जरा बघता?"

टेबलाखाली वाकून वायर ओढणारा माणूस निमूटपणे उठला, दिवा लावून दिला आणि गेला. अर्ध्या तासाने सगळ्यांशी ओळख झाली तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो इलेक्ट्रिशियन नव्हताच. आमच्या टीमने लिहिलेले तुकडे जोडून त्यांचं चालतं ॲप उभं करणारी बिल्डची स्क्रिप्ट तो सांभाळायचा. म्हणून सगळे त्याला गवंडी म्हणत.

"दिवा ठीक आहे ना, ताई?" त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"ताई म्हणू नका."

"मग 'दादा' मागे घ्या."

घेतलं… लगेच.

मी टेस्टर. बिल्ड झाली की ती तपासणं माझं काम. रोज त्याच्या खुर्चीमागे उभी राहून विचारायचे, "झालं का?" पडद्यावर अक्षरं यायची — थोडं थांबा… मी थांबायचे. खिडकीतलं ऊन सरकत त्याच्या कानावर यायचं, कानाची पाळी डाळिंबासारखी लाल दिसायची. तो काहीबाही बोलायचा, मी हसायचे. तेवढ्यात बिल्ड व्हायची… मेली.

दीड वर्षात ॲप वाढलं, बिल्ड लांबली. आणि या सोमवारपासून ती पडायलाच लागली. तीस मिनिटांत संपली नाही तर सर्व्हर ती मध्येच तोडतो. गुरुवारी आमच्या मॅनेजर मॅडमनी सांगून टाकलं, "उद्या चारपर्यंत बिल्ड हवी. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीला, आणि गवंड्याची बदली दुसऱ्या शहरात."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्क्रिप्ट उघडून बसला.

शुक्रवारी तीन वाजता मला राहवेना. "चूक सापडली का?"

"सापडली."

"मग दुरुस्त करा ना!"

"केलीय… पण दुसऱ्या कुणी वाचून मंजूर केल्याशिवाय बदल आत जात नाही. नवा नियम."

"मी वाचते."

"तुम्ही सोडून कुणीही चाललं असतं," तो टेबलाशी बोलल्यासारखा म्हणाला. "पण बाकी सगळे मीटिंगमध्ये आहेत."

"चुका बघण्याचाच पगार घेते मी. पाठवा."

त्याने पाठवलं, आणि उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा.

नऊ ओळी खोडलेल्या होत्या. नऊही सारख्या — 'थोडं थांबा' असं दाखव, चाळीस सेकंद थांब. कशासाठी थांब? पुढची पायरी कशाचीच वाट बघत नव्हती. मी पहिली ओळ लिहिल्याची तारीख पाहिली. माझा इथला दुसरा आठवडा. आदल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "फार पटकन होते हो तुमची बिल्ड, धड गप्पासुद्धा होत नाहीत!"

म्हणजे इतके दिवस मला मशीन थांबवत नव्हतं…

आई पोळ्या लाटताना गुणगुणते ते आठवलं —

थांब म्हणता येईना, कडी लावली दाराला,
कडी वाजता वाजता, कळलं साऱ्या घराला.

"नऊ कड्या?" मी विचारलं. "वेडे आहात का? गाव सोडावं लागलं असतं ना!"

"लावताना बिल्ड पाच मिनिटांची होती," तो खिडकीलाच म्हणाला. "एवढी वाढेल असं वाटलं नव्हतं."

"बिल्ड?"

तो वळला. कानावर ऊन नव्हतं, तरी पाळ्या लाल. "…बिल्डही."

मी मंजुरीचं बटण दाबलं. तीन वाजून अठरा मिनिटं.

खुर्चीमागे नेहमीसारखी उभी राहिले. पडदा अखंड धावत होता. एकदाही थांबा म्हणाला नाही, आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं. तीन बेचाळीसला हिरवी खूण आली.

"झालं," तो हळूच म्हणाला. "आता तुम्हाला थांबायला काही…"

"खुर्ची आणा."

"काय?"

"दीड वर्ष उभी आहे मी. थांबायचंच आहे तर बसून थांबेन म्हणते."

तो धडपडत गेला, खुर्ची घेऊन आला आणि शेजारी ठेवली — जरा जास्तच शेजारी. मी ती सरकवली नाही.

"आणि आणखी एक बदल," मी म्हटलं. "ते 'तुम्ही-तुम्ही' खोडून टाक."

त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग हसला.

"मंजूर."